पॅरिसमध्ये आईबाबांसोबत फक्त भाज्यांचं जेवण – लार्पेज

रानजाई | ९ नोव्हेंबर २०२५

बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं. सप्टेंबरात आईबाबा आमच्याकडे नेदरलँड्सला आले होते. त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली, म्हणून त्यांना एकदा तरी खऱ्या अर्थानं मोठ्या ठिकाणी जेवायला न्यायचं असं मी आणि नवऱ्याने वर्षभर आधी ठरवलं होतं. पैसे वेगळे काढत होतो. अडचण एकच होती. आई अंडंही खात नाही.

यापूर्वी एकदा, दुसऱ्या एका शहरात, आम्ही हा प्रयोग केला होता आणि तो फसला होता. आधी दोनदा कळवूनसुद्धा आईपुढे प्रत्येक फेरीला तेच आलं: सगळ्यांच्या ताटातलं मांस उचललं की जे उरतं ते. तिसऱ्या ताटलीला तिने हळूच मला विचारलं, "यातून काही काढून तर दिलं नाही ना गं?" तो प्रश्न मला फार लागला. आईने एकही तक्रार केली नाही. हॉटेलवर परतल्यावर पिशवीतली दशमी खाल्ली आणि झोपली.

म्हणून जुलैमध्ये जेव्हा वाचलं की पॅरिसच्या लार्पेज या रेस्टॉरंटने सगळे प्राणिजन्य पदार्थ बंद केले, दूध, लोणी, अंडीसुद्धा, आणि फक्त स्वतःच्या पोळ्यांतला मध ठेवला, तेव्हा मी त्याच संध्याकाळी टेबल मिळतंय का बघायला बसले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. अलँ पासार यांनी १९८६ मध्ये आपल्या गुरूंकडून, अलँ साँदराँस यांच्याकडून, ही जागा विकत घेतली. १९९६ पासून तिला मिशेलिनचे, म्हणजे रेस्टॉरंटांना दर्जा देणाऱ्या मार्गदर्शिकेचे, तीन तारे आहेत आणि ते आजवर टिकलेत. हे पासार मुळात मांस भाजण्यात उस्ताद. तरी २००१ मध्ये त्यांनी तांबडं मांस बंद केलं. युरोपात तेव्हा वेड्या गायींच्या रोगाची धास्ती होती, पण त्याहीपेक्षा त्यांचं स्वतःचं मन मांसावरून उडालं होतं. लोक म्हणाले, तारे जाणार. गेले नाहीत. मधल्या काळात मासे, कोंबडी मेनूवर होती. यंदा तीही गेली.

जागा बाहेरून इतकी साधी आहे की आम्ही एकदा पुढे निघून गेलो. र्यू द वारेनवर, रोदँ संग्रहालयाच्या समोर. आत भिंतीवर त्यांच्या आजीचं, लुईज यांचं, चित्र आहे. आई आधी त्या चित्राकडे गेली. टेबलावर फुलदाणी नव्हती, एक भोपळा ठेवला होता. बाबांनी तो उचलून वजन बघितलं आणि वाढणाऱ्या मुलीने त्यांना तो कुठल्या बागेतला ते सांगितलं. तिथून त्या दोघांचं जमलं ते शेवटपर्यंत.

सगळ्या फेऱ्या लिहीत बसत नाही. दोन गोष्टी सांगते.

एक वांगं. आचेवर भाजलेलं, सोबत मंद शिजवून गोड केलेलं खरबूज. बाबा जळगावकडचे. त्यांनी पहिला घास घेतला, चमचा खाली ठेवला आणि म्हणाले, "धूर बरोबर बसलाय." भरताच्या बाबतीत आमच्या घरात याहून मोठी पावती नाही. वांग्यात तिखट नाही, कांद्याची पात नाही, शेंगदाणे नाहीत. फक्त साल काळं होईपर्यंत भाजल्यावर येणारा तो वास, आणि तो खरबुजाच्या गोडीने झाकला न जाता उलट पुढे आलेला.

दुसरं बीट. ढोबळ करड्या मिठाचा एक ढीग घेऊन आले, टेबलाजवळ ठेवला आणि चमच्याच्या पाठीने तडकवला. मिठाचं कवच खापरीसारखं फुटलं आणि आतून अख्खं बीट निघालं, सालासकट, थोडं सुरकुतलेलं. ते पुसलं, सोललं, कापलं. काप इतका गडद की काळाच वाटावा, कडेला फक्त जांभळी झाक. वर जुन्या व्हिनेगरचे चार थेंब. बस्स. आईने वास घेतला. "मातीचा वास राहिलाय याला," म्हणाली, "आणि राहिलाय तेच बरं झालं." आम्ही बिटाची कोशिंबीर करताना तो वास दह्याने, फोडणीने, साखरेने घालवत असतो. इथे त्यांनी तो जपून आणला होता.

सगळंच आवडलं असं नाही. बदामाच्या गोड चुऱ्याबरोबर आलेली कोवळ्या पाल्याची ताटली आईला जमली नाही. मलाही पाव लोण्याशिवाय सुना लागला. आणि साडेतीन तास बसणं बाबांच्या गुडघ्यांना जड गेलं. आम्ही गेलो तेव्हा दुपारचं जेवण माणशी २६० युरो होतं, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने सव्वीस हजार रुपयांच्या वर. हा आकडा लपवण्यात अर्थ नाही.

पण बाहेर पडल्यावर माझ्या लक्षात आलं. माझी आई कुठल्याही हॉटेलात गेली की प्रत्येक ताटलीला विचारते, "यात काय आहे?" लहानपणापासून मी ते ऐकत आलेय. इथे पहिल्या ताटलीला तिने विचारलं. त्यानंतर नाही. मग तिचे प्रश्न बदलले. हे कधी काढलं, कशावर भाजलं, किती वेळ. साडेतीन तास माझी आई भीतीने नाही, कुतूहलाने जेवली.

---

शेवगा | ९ नोव्हेंबर

डोळे भरून आले. शेवटचा परिच्छेद माझ्या सासूबाईंना वाचून दाखवला.

एक शंका. आम्ही तीन वर्षांपूर्वी इटलीत होतो तेव्हा कळलं की खरं पार्मेजान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटशिवाय (दूध गोठवणाऱ्या विरजणाशिवाय) बनत नाही. तोवर आम्ही ते बिनदिक्कत शाकाहारी म्हणून खाल्लं होतं. तिथे चीजबद्दल काय?

---

रानजाई | ९ नोव्हेंबर

शेवगाताई, बरोबर आहे तुमचं. पार्मिजानो रेजानोच्या नियमांतच वासराचं रेनेट आहे, त्यामुळे ते नाव असेल तर शाकाहारी असूच शकत नाही. लार्पेजमध्ये पूर्वी कांद्यावर पार्मेजान घालून भाजलेला एक पदार्थ फार गाजलेला होता. आता चीजच नाही, त्यामुळे तो प्रश्नच मिटला. त्यांचं अंड्याच्या कवचातलं प्रसिद्ध अंडंही गेलं, ज्याच्यासाठी लोक लांबून यायचे. मला वाटतं, कुणाचं तरी आवडतं काढून टाकण्याचं धाडस त्यांनी केलं ते आमच्यासारख्यांच्या पदरात पडलं. मध मात्र आहे. जे मध खात नाहीत त्यांनी आधी सांगावं.

---

गोदाकाठ | १० नोव्हेंबर

लेख मनापासून आवडला. राग मानू नका, पण मी शेतकरी आहे, निफाडजवळ भाजीपाला करतो. बीट, कोबी, गाजर. माझं बीट किलोला किती रुपयांनी जातं ते इथे लिहीत नाही, लिहिवत नाही. सव्वीस हजारात माझं किती बीट येईल हा हिशेब वाचतावाचता डोक्यात झालाच. मला त्या जेवणाचा राग नाही. मला फक्त समजून घ्यायचंय की भाजीत ती किंमत कुठून येते.

---

रानजाई | १० नोव्हेंबर

राग कसला, दादा. तुमच्यासाठीच बाबांनी तिथे विचारलेलं सगळं लिहिते.

त्यांच्या स्वतःच्या तीन बागा आहेत. पहिली २००२ मध्ये पॅरिसच्या नैर्ऋत्येला सार्त भागात घेतली. मग नॉर्मंडीत अर भागात एक आणि मों-सँ-मिशेलच्या खाडीजवळ एक. तिन्हींची माती वेगळी आणि ती मुद्दाम वेगळी घेतलेली. सार्तची वाळूमिश्रित, तिथे गाजर, शतावरीचे कोंब, लीक. नॉर्मंडीची चिकणमाती, तिथे बीट, कोबी, सेलरीचे कंद. खाडीजवळची गाळाची. रासायनिक खत नाही, औषध नाही, नांगरट घोड्याने. भाजी सकाळी काढून रेल्वेने पॅरिसला येते आणि त्याच दिवशी शिजते. थंड खोलीत ठेवायची नाही असा त्यांचा दंडक आहे, कारण गारठ्याने चव बसते.

म्हणजे बिटाच्या किमतीत माळी आहेत, घोडा आहे, आणि आतल्या स्वयंपाकघरात दिवसभर फक्त सोलणारे-चिरणारे-भाजणारे लोक आहेत. तिथले पगारही तिथले. तरीही सव्वीस हजार ही चैनच आहे, हे मला मान्य आहे.

---

गोदाकाठ | १० नोव्हेंबर

मातीचं वाचून बरं वाटलं. आमच्याकडे हे जुन्या माणसांना माहीत होतं. काळ्या भारी रानात गाजर लावलं की ते दुपाखी होतं, फाटे फुटतात, खाली जाताना वाट मिळत नाही त्याला. पोयट्याच्या, वाळूच्या रानात सरळ सुटतं. पण एकाच्या नावावर दोन एकर असली की जी माती आहे त्यातच सगळं करावं लागतं.

आणि गारठ्याचं खरं आहे. माझा माल संध्याकाळी भरला की रात्रीत वाशीला पोचतो. तिथून दुकानात, दुकानातून तुमच्या फ्रीजमध्ये. तुमच्या ताटात येईतो चार-पाच दिवस. बांधावर उपटून पाण्यात खळबळून खाल्लेलं बीट आणि ते बीट, ही वेगळी भाजी आहे. पाहुणे आले की मी त्यांना आधी रानात नेतो, मग घरात. त्या माणसाने पॅरिसमध्ये बसून नेमकं हेच धरलं असेल तर मी त्याला मानतो.

---

हडसनकाठ | ११ नोव्हेंबर

न्यूयॉर्कहून. इथे यंदा बरोबर उलटं घडलं, ते सांगतो.

इलेव्हन मॅडिसन पार्क. २०१७ मध्ये जगातलं पहिल्या क्रमांकाचं रेस्टॉरंट ठरलं होतं. करोनानंतर जून २०२१ मध्ये उघडताना शेफ डॅनियल हम यांनी पूर्ण वनस्पतीजन्य मेनू केला, तेव्हा माणशी ३३५ डॉलर. २०२२ मध्ये तीन तारे राहिले, संपूर्ण वनस्पतीजन्य मेनूवर तीन तारे हे प्रथमच होत होतं. आम्ही दोघं तेव्हा गेलो होतो. आणि गेल्या महिन्यापासून, ऑक्टोबर २०२५ पासून, तिथे मांस-मासे पुन्हा आलेत. वनस्पतीजन्य मेनू आहेच, पण आता तो एक पर्याय आहे. हम यांचं म्हणणं, नुसत्या भाज्यांमुळे बरेच लोक टेबलापर्यंत येतच नव्हते.

जुलैत पॅरिसने सगळं सोडलं, ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कने परत घेण्याचं जाहीर केलं. मला त्या बातमीने खरोखर वाईट वाटलं. माझ्यासाठी तो निव्वळ मेनू नव्हता. आमच्यासारख्यांना मधल्या खुर्चीवर बसवलं होतं आणि चार वर्षांनी पुन्हा कडेला सरकवलं, असं वाटलं.

पण इथेच लोअर ईस्ट साइडला डर्ट कँडी आहे, आणि त्याबद्दल फारसं कुणी मराठीत लिहीत नाही. अमँडा कोहेन यांनी २००८ मध्ये सुरू केलं तेव्हा अगदी चिंचोळं होतं. पहिल्या दिवसापासून फक्त भाज्या. आरोग्य नाही, धर्म नाही, पर्यावरण नाही, भाजी चविष्ट असते म्हणून भाजी, ही त्यांची भूमिका. २०२२ मध्ये त्यांनाही तारा मिळाला. लार्पेजच्या मानाने खूपच कमी पैशात होतं. टिप घेत नाहीत, नोकरांचा पगार किमतीतच धरलेला असतो. अंडी-दूध वापरतात, पण आधी सांगितलं तर टाळून देतात. आईवडील इकडे आले तर तिथे न्या. तिथे मोठ्याने हसता येतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

---

सागरगोटा | ११ नोव्हेंबर

मी रत्नागिरीची. दोन दिवस हा धागा वाचतेय आणि एक गोष्ट सारखी मनात येतेय.

घोड्याने नांगरतात हे वाचलं आणि मला आमची ऋषिपंचमी आठवली. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही. म्हणजे नांगरलेल्या शेतातलं धान्य नाही, भाजी नाही. परसात हाताने लावलेलं किंवा आपसूक आलेलं तेवढंच चालतं. अळू, लाल माठ, भोपळा, पडवळ, शिराळी, भेंडी, सुरण, मक्याचं कणीस. सगळं एका पातेल्यात, तेलाची फोडणी नाही, मसाला नाही. चिंच, मिरची, मीठ, नारळ. माझी आजी ती भाजी चढवताना एक क्रम पाळायची. सुरण तळाला, अळूचे देठ त्यावर, भेंडी अगदी शेवटी. पाणी नावालाच. झाकणावर पाणी ठेवायचं आणि आतल्या भाज्यांना आपापल्या पाण्यात शिजू द्यायचं. उघडलं की आधी अळूचा वास यायचा, मग कणसाचा.

माझं म्हणणं असं आहे की हे जेवण मोठं आहे. त्याला विचार आहे, ऋतू आहे, कुणाच्या कष्टाचं खायचं आणि कुणाच्या नाही याचा विवेक आहे. पण वर्षातून एक दिवस "उपासाची भाजी" म्हणून आपण ती उरकतो. पावसाळ्यात आमच्याकडे शेवळं येतात. खाजरी भाजी, काकडाची फळं घातल्याशिवाय घशाला खाजते. ती साफ करायला अर्धा दिवस जातो. भारंगी, टाकळा, फोडशी, प्रत्येकीची वेगळी हातोटी. हे ज्ञान ज्या बायकांकडे आहे त्यांना कुणी शेफ म्हणत नाही. बाजारात त्या जुडी दहा-वीस रुपयांना विकत बसलेल्या असतात आणि आपण त्यावरही घासाघीस करतो.

रानजाई, तुझ्या आईला मिळालेला मान वाचून मला आनंदच झाला. फक्त मला वाटतं, हा मान त्या शेवळं विकणारीलाही मिळायला हवा.

---

रानजाई | ११ नोव्हेंबर

सागरगोटाताई, हे मी आईला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "झाकणावर पाणी ठेवायचं हे मी विसरलेच होते. भादव्याची वाट बघत नाही, उद्याच करते."

---

मुळामुठा | १२ नोव्हेंबर

विरोधी सूर लावतो, पण मनापासून. सागरगोटा म्हणतात ते खरं असेल तर मग पॅरिसला जायचं कशाला? भरीत खानदेशात, पोपटी रायगडात, उंधियू शेजारच्या गुजरातेत. भाजी भाजायची कशी ते आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. वालाच्या शेंगा, मडकं, भांबुर्ड्याचा पाला, वरून जाळ. त्यात पाण्याचा थेंब नसतो. मिठाच्या कवचातलं बीट म्हणजे तेच तत्त्व.

---

चुलीपाशी | १२ नोव्हेंबर

मुळामुठा, तत्त्व तेच आहे हे मान्य, पण चव तीच नाही. हे मी करून बघितलंय म्हणून सांगतेय.

रविवारी बीट मिठात भाजलं. पहिल्यांदा फसलं. बारीक पुड्याचं मीठ घेतलं होतं, ते ढासळत राहिलं आणि बीट खारट झालं. दुसऱ्यांदा भैयाकडून जाडं मीठ आणलं, मिठागराचं, न दळलेलं, किंचित ओलसर. दीड किलो. ट्रेमध्ये खाली बोटभर थर, त्यावर बीट, वरून बाकीचं मीठ हाताने दाबून डोंगर केला. बीट पाव किलोच्या आतलं. धुवून अगदी कोरडं करायचं. साल काढायचं नाही, शेपटी कापायची नाही, देठ दोन बोटं ठेवायचा. जिथे कापाल तिथून मीठ आत जातं आणि रंग बाहेर येतो. माझ्या ओव्हनला १६० अंशांवर दीड तास लागला. मग बंद करून अर्धा तास तसंच ठेवलं. हा अर्धा तास चुकवू नका, बीट तेव्हाच आतपर्यंत शिजतं.

पोपटीत पाल्याचा वास शेंगांना लागतो, धूर लागतो, आणि तेच हवं असतं. मिठात बाहेरचं काहीच लागत नाही. बिटाचा स्वतःचा वास आत कोंडतो आणि घट्ट होतो. कुकरमध्ये जे पाण्याबरोबर निघून जातं ते इथे जागच्या जागी राहतं. व्हिनेगर नव्हतं, मी आगळाचे चार थेंब टाकले. कोकमाचं आगळ आणि असं बीट, हे जेवण माझ्या नवऱ्याने न बोलता संपवलं आणि मग दुसरं बीट कधी म्हणून विचारलं.

म्हणून पॅरिसला जाण्याला अर्थ आहे. रानजाई गेली, तिने नीट बघितलं, नीट लिहिलं, आणि माझ्या डोंबिवलीच्या ओट्यावर काहीतरी नवीन झालं.

---

मुळामुठा | १२ नोव्हेंबर

मान्य. आगळाचं वाचून माघार घेतली.

---

शेवगा | १२ नोव्हेंबर

आपल्या जवळपास असं काही आहे का? आमच्याकडे कांदा-लसूणही चालत नाही, त्यामुळे पॅरिस तर लांबच.

---

हडसनकाठ | १३ नोव्हेंबर

अवतारा बघा. दुबईतलं रेस्टॉरंट आधी सुरू झालं. शेफ राहुल राणा असताना २०२३ मध्ये त्याला मिशेलिन तारा मिळाला. भारतीय शाकाहारी, पनीरचा आधार न घेता, कांदा-लसूण टाळून. मुंबईतही त्यांची शाखा निघालीय. भारतात मिशेलिन येतच नाही, त्यामुळे तिथल्या जागांना तारे नसणार, तो निकष लावू नका. माझी बहीण दुबईला जाऊन आली. तिला सगळ्यात काय आवडलं तर पनीर नसणं. लग्नापासून ते कंपनीच्या पार्टीपर्यंत शाकाहारी म्हटलं की पनीर, याचा तिला उबग आला होता.

---

रानजाई | १३ नोव्हेंबर

लार्पेजला जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी तीन-चार कामाच्या गोष्टी. शनिवार-रविवारी बंद असतं, त्यामुळे सहल त्याप्रमाणे आखा. दुपारचं जेवण रात्रीपेक्षा बरंच स्वस्त पडतं. कांदा-लसूण चालत नसेल तर टेबल घेतानाच लिहून कळवा, फ्रेंच स्वयंपाकात कांदा जिकडेतिकडे असतो. ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर मधे उठून चार पावलं चालायला संकोच करू नका. आम्ही तिसऱ्या फेरीनंतर बाबांना बाहेर घेऊन गेलो, पुढची ताटली ते परत येईपर्यंत थांबवून धरली होती.

---

गोदाकाठ | १३ नोव्हेंबर

येत्या रविवारी बीट काढणार आहे. मोठं मार्केटला जातं, पाव किलोच्या आतलं व्यापारी घेत नाही, ते गुरांपुढे टाकतो आम्ही. या वेळी बाजूला ठेवतो. चुलीपाशीताई, आमच्याकडे ओव्हन नाही, चुलवण आहे. मिठाचा ढीग लोखंडी कढईत करून वर झाकण आणि झाकणावर निखारे, असं चालेल का?

---

चुलीपाशी | १३ नोव्हेंबर

चालेल दादा. खालची आच मंद ठेवा, वरचे निखारे जास्त. आणि मीठ जाडंच घ्या.